काच्चीनीचं नसलेलं गाणं

यूट्यूबवर 'काच्चीनी आवे मारिया' शोधलं की रेकॉर्डिंग्जची रांग लागते. रात्री कोड लिहिताना मीही ते कितीतरी वेळा ऐकलंय. ज्युलिओ काच्चीनी हा चारशे वर्षांपूर्वीचा इटालियन संगीतकार, एवढी माहिती मला पुरेशी होती. एकदा सहज मूळ हस्तलिखित शोधायला गेलो, तर ते कुठेच नाही.

माग १९७० सालाशी येऊन थांबतो. त्या वर्षी सोव्हिएत संघातल्या मेलोदिया कंपनीने सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ल्यूटसंगीताची एलपी काढली. वादक होता लेनिनग्राडचा व्लादिमीर वाविलोव. कव्हरवर फ्रान्चेस्को दा मिलानोसारखी इतिहासातली खरी नावं होती. 'आवे मारिया'पुढे मात्र लिहिलं होतं, 'अनामिक'. 'ग्रीनस्लीव्ह्ज'सारखा अपवाद सोडला, तर त्यातल्या रचना स्वतः वाविलोवच्याच होत्या, असं आज मानलं जातं. १९७३ मध्ये, पन्नाशीही न गाठता तो गेला. काच्चीनीचं नाव चिकटलं ते त्यानंतर.

मग जुन्या ल्यूटसंगीताचा खरा कर्ता ठरवतात तरी कसा?

इंग्लंडमधला मॅथ्यू होम्स बघा. तो आधी ऑक्सफर्डला आणि नंतर वेस्टमिन्स्टर ॲबीत चर्चमधला गायक होता. १६२१ मध्ये वारण्यापूर्वी त्याने ल्यूटच्या शेकडो रचना वह्यांत उतरवून ठेवल्या. त्या वह्या आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ही लिपी आपल्या गिटार टॅबसारखी असते. सहा रेघा म्हणजे तारा, आणि अक्षरं म्हणजे बोट ठेवायचे पडदे. वही स्वतःच्या वापराची असल्यामुळे कित्येक रचनांवर नावच नाही.

अभ्यासक आधी कागद आणि हस्ताक्षर बघतात: कोणी लिहिलं, कधी लिहिलं. मग तीच रचना दुसऱ्या वहीत किंवा छापील पुस्तकात नावासकट सापडते का, ते शोधतात. शैलीचा नंबर सगळ्यात शेवटी, कारण वादक एकमेकांच्या चाली उचलायचे आणि त्यात आपली भर घालायचे. आपल्या रचना न विचारता आणि चुकीच्या छापल्या गेल्याची तक्रार जॉन डाउलंडने १५९७ मध्येच केली होती. पुढे १९७४ मध्ये डायना पोल्टन आणि बॅसिल लॅम यांनी त्याचं समग्र ल्यूटसंगीत छापलं, तेव्हा कर्तृत्व अनिश्चित असलेल्या रचनांचा वेगळा विभागच केला. नाव लावायचा मोह त्यांनी टाळला.

हीच चाळणी 'आवे मारिया'ला लावा. हस्तलिखित नाही. काच्चीनीच्या १६०२ आणि १६१४ च्या छापील संग्रहांत ती नाही. शैलीही जुळत नाही. काच्चीनीसाठी शब्द आधी, सूर नंतर. इथे तर अख्ख्या गाण्यात दोनच शब्द फिरत राहतात. म्हणजे गाणं पहिल्याच पायरीवर अडकतं.

आम्ही कोडची कुठलीही ओळ कोणी लिहिली ते 'गिट ब्लेम' करून एका मिनिटात बघतो. इथे ते बघायला अनेक वर्षं गेली. तोवर 'अनामिक' म्हणजे शतकांपूर्वीचा कोणीतरी, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तो माणूस १९७० मध्ये जिवंत होता, त्याच तबकडीवर वाजवत होता.

माझ्या प्लेलिस्टमध्ये मी आता नाव बदललंय: वाविलोव.