थापटणे आणि पेटी

तेरणेच्या काठी वसलेल्या तेर या गावी, जेथे आजही पांढरीच्या मातीत नांगराचा फाळ खोल गेला की खापरे, शंखाचे मणी नाही तर भाजलेल्या मातीची एखादी बाहुली वर येते, तेथे एके काळी एवढी मोठी बाजारपेठ नांदत होती, की इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या सागरी वाटाड्या-ग्रंथात 'तगर' या नावाने तिची नोंद केली आणि ती पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे रवाना होते, असे लिहून ठेवले. गाड्या भरून कापड बाहेर पाठवणाऱ्या गावात माग चालवायला सूत लागते, सुताला पैसा लागतो, आणि मागावर बसणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात. म्हणजे भांडवल आणि शिक्षण हे आजच्या उद्योजकतेच्या मेळाव्यांत फलकावर झळकणारे दोन शब्द तगरच्या कोष्ट्यालाही अपरिचित नव्हते.

त्या काळची भांडवलाची रीत पाहावयाची तर नाशिकच्या लेण्यांकडे वळावे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, ती राजाच्या खजिन्यात नव्हे तर गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे: एकीकडे २,००० दरमहा दरशेकडा एक या दराने, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीही परत मागायचे नाही, दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना दरसाल बारा-बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे, असा करार. आणि हिशेब करून पाहिला तर तो कवडीचाही फरक न पडता जुळतो. दात्याला पुण्य, भिक्षूला चीवर आणि कोष्ट्याला कायमचे खेळते भांडवल, असा हा तिहेरी सौदा होता. तो पार पडला याचे कारण श्रेणी ही एकाच वेळी पेढीही होती आणि पाठशाळाही. जिच्या छपराखाली पोरे हात बसवीत, तिचीच पत पाहून पैसा येई.

तेराव्या शतकात याच तेरमध्ये गोरोबाकाका होऊन गेले. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के नि कोणते कच्चे हे पारखणाऱ्या या कुंभाराची आख्यायिका वारकरी भक्तीच्या अंगाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मला तीत एका कसबी कारागिराची परीक्षापद्धतीही दिसते. प्रमाणपत्र नाही, हजेरीपट नाही; हातात थापटणे आणि कान आवाजाकडे. बलुतेदारीत कुंभाराच्या पोराला चाक बापाकडून मिळे आणि सुगीला खळ्यावरचा वाटा गावाकडून, म्हणजे शिक्षण आणि भरणपोषण दोन्हींची तजवीज गावगाड्यातच होती. तुळजापूरच्या गोंधळ्याचेही तेच. संबळाचे बोल घरी बसत, आणि शिधा, खण, दक्षिणा यजमानांच्या घरून येई. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मी त्यांत नाही. हे शिक्षण विनामूल्य होते खरे, पण त्यातून सुटकाही नव्हती: कुंभाराच्या पोराने कोष्टी होऊ म्हटले तर चालत नसे, गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला कष्ट येत पण पत येत नसे, आणि लेकी-सुनांचे हात चिखलात बुडालेले असूनही वाटा मात्र घरधन्याच्या नावाने मापला जाई.

पुढे निजामाच्या अमदानीत तेर-तुळजापूरचा हा मुलूख, मध्यंतरी १८५३ ते १८६० ही सात वर्षे इंग्रजांकडे राहून, पुन्हा हैदराबादेच्या दफ्तरात दाखल झाला आणि मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. रयतेला तगाई मिळे ती बैलाला, बियाण्याला, विहिरीला. कारागिराला मात्र सावकाराची ओटीच गाठावी लागे आणि धान्याची उचल सवाई-दिढीने फेडावी लागे. १९२९ मध्ये हैदराबाद संस्थानाने उद्योगांच्या साह्यासाठी एक कोटीचा विश्वस्त निधी उभारला. त्याचा मोठा ओघ मोठ्या कारखान्यांकडे वळला.

स्वातंत्र्यानंतर योजनांचा सुकाळ झाला. १९७९ मध्ये ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी 'ट्रायसेम' आली, जोडीला एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जे आली, स्त्रियांसाठी निराळी योजना आली. खादी व ग्रामोद्योग मंडळ होतेच. पण शिकवणारी कचेरी एक, पैसा देणारी दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये जामीन, उतारा, ना-हरकत दाखला अशी चौक्यांची रांग! मी पाहिलेल्या एका गावात एका हंगामात शिवणकामाच्या बारा दाखलेधारक मुली तयार झाल्या, आणि गावातली यंत्रे होती दोन. कलावंताची कथा तर आणखी विलक्षण: सरकारी मानधन पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला मिळते, पण ज्या वयात त्याच्या मांडीशी बसून संबळ शिकणारे पोर उपाशी राहू नये म्हणून दोन पैसे हवे असतात, त्या वयाचा रकाना अर्जात नसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली असता, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूमी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली, सरकारी गणतीप्रमाणे, सुमारे आठ हजार जीव गाडले गेले. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर तेव्हाच्या उस्मानाबादेत. पण दुःखाला जिल्ह्याची शीव नव्हती. जागतिक बँकेच्या साह्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला, ५२ गावे नव्या जागी वसवली, आणि अन्य शेकडो गावांतील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचे काम घरमालकांच्याच हाती सोपवले. या कामी लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आली, आणि गावोगाव 'संवाद सहाय्यक' म्हणून स्त्रिया नेमल्या गेल्या. ज्या बाईने आजवर गवंड्याला फक्त चहा दिला होता, ती आता भिंतीच्या कोपऱ्यात सळई नीट बसली की नाही हे वाकून पाहू लागली, हप्ता जमा झाला की नाही हे विचारायला तहसिलीच्या पायऱ्या चढू लागली. कागदोपत्री नांदणारी महिला मंडळे प्रथमच जिवंत झाली ती या चुना-सिमेंटच्या व्यवहारातून. संस्थेचे नाव किती चपखल होते, हे तिच्या संस्थापकांनाही कदाचित तेव्हाच कळले असेल.

घरे पुरी झाली, पण जमलेल्या बायका पांगल्या नाहीत. राष्ट्रीय बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ पासून बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला होताच. त्या वाटेने गटांना पत आली. पत्र्याची एक पेटी, तिच्यात रोकड, वही आणि शिक्का; पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या कमरेला. महिन्याच्या ठरल्या तारखेला सतरंजीवर गोल बसायचे, पेटी मध्ये ठेवायची, नोटा सर्वांदेखत दोनदा मोजायच्या, आणि अंगठ्याच्या ठशांच्या जागी हळूहळू वाकड्यातिकड्या सह्या येत जायच्या. जामीनकी कसली? शेजारणीची. याच जिल्ह्यातील हिंगळजवाडीच्या कमल कुंभार बांगड्यांच्या धंद्यापासून कुक्कुटपालनापर्यंत पोहोचल्या, इतरजणींना शिकवू लागल्या आणि २०१७ च्या नारीशक्ती पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. आणि अवर्षणात घरापुरते धान्य-भाजी पिकवण्याच्या, बायकांच्या ताब्यातील एक एकराच्या शेतीच्या कामासाठी प्रेमाताईंच्या संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कुंभार हे आडनाव आणि गोरोबांचा जिल्हा, हा निव्वळ योगायोग. तरी तो लिहिताना लेखणी क्षणभर थांबते खरी.

२०१८ मध्ये या जिल्ह्याची गणना केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांत केली आणि प्रशिक्षणे, मेळावे, अनुदाने यांना पुन्हा भर आला. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही लाभले. भूम तालुक्यात त्या खव्याच्या भट्ट्या पहाटेपासून पेटतात. कढईतले दूध आटत आले की उलथणे क्षणभरही थांबवता येत नाही, नाही तर तळाशी करप धरते आणि सगळा घाण जळकट वासाने वाया जातो.

त्या बाजूच्या एका गटाच्या बैठकीत मी कोपऱ्यात बसलो होतो. कढई आणि भट्टीसाठी कर्ज मागणाऱ्या एका तरुण सुनेला, पेटीची किल्ली सांभाळणाऱ्या वयस्क बाईने विचारले,

"कढई घेशील गं, पण लागू न देता खवा उतरवायला येतंय का तुला?"

"माहेरी बघितलंय की, मावशी."

"बघणं निराळं. आठ दिवस पहाटे माझ्या भट्टीवर ये. घाण बिघडला तर दूध माझं."

वहीत त्या कर्जापुढे रक्कम लिहिली गेली नाही. नुसते नाव लिहून पुढची जागा कोरी ठेवली, आणि पेटीला कुलूप घातले.