चैत्रातील भाव आणि श्रावणातील चूल

शीत प्रदेशांतील देशांत हिवाळा तोंडाशी आला, की घर ऊबदार राखण्यासाठी लागणारे तेल किंवा कोळसा आजच्याच भावाने ठरवून घ्यावा की भाव उतरण्याची वाट पाहावी, हा विचार प्रत्येक गृहस्थाला करावा लागतो. सोलापुरास अशा थंडीचे भय कधी नव्हते. ज्या गावी वैशाखात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि पौषातील रात्रही एका घोंगडीत निभावते, तेथे शेकोटीसाठी वर्षाची तजवीज करण्याचे कारणच नव्हते. तरीही तो विचार येथील घरांना परका नव्हता. येथे तो चैत्रात येई आणि त्याचा रोख थंडीकडे नसून पावसाकडे असे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरात कोरडे जळण आणि वर्षाची ज्वारी येऊन पडली पाहिजे, हा सोलापूरच्या संसाराचा अलिखित कायदा होता, आणि या बेगमीचा इतिहास हा या जिल्ह्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा, पण फारसा न लिहिला गेलेला भाग आहे, असे मला वाटते.

प्रथम जळणाचा विचार करू. सोलापूर जिल्हा हा काळ्या जमिनीचा, उघड्या माळांचा आणि अवर्षणाचा मुलूख. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस रानातून मोळी आणणे जितके सुलभ, तितके ते येथे कधीच नव्हते. ओढ्याकाठची बाभूळ, बांधावरचा कडुलिंब, गावाशेजारची चिंच एवढीच काय ती वृक्षसंपत्ती. बाकीचे सरपण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोठ्यातील शेणाच्या गोवऱ्या. पौष-माघापासून बायका गोवऱ्या थापीत, त्या उन्हात खडखडीत वाळवीत, आणि पावसाआधी त्यांचा हुडवा रचून वरून शेणानेच लिंपून घेत, म्हणजे आत पाण्याचा थेंब शिरत नसे. पेठांत राहणाऱ्यांना मात्र गोठा नसे आणि बांधही नसे. त्यांचा सारा भरवसा लाकडाच्या वखारीवर. वखारवाला चैत्र-वैशाखात ओंडके फोडून ढीग लावी, आणि ज्यांच्या हाती रोकड असे ते इसार देऊन, भाव ठरवून, गाडीभर लाकूड घरी आणून टाकीत.

या ठरावात जो हिशेब होता तो केवळ भावाचा नव्हता. लाकूड मणावर विकले जाई आणि मण तर चाळीस शेरांचाच राही. परंतु वैशाखातील चाळीस शेरांत निव्वळ लाकूड असे, तर श्रावणातील चाळीस शेरांत पावसाचे पाणीही मोजले जाई. ओले लाकूड घेणाऱ्यास चढा भाव द्यावा लागे, वजनात तोटा सोसावा लागे, आणि शेवटी चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत धूर जाऊन भाकरी कच्ची राही ती निराळीच. म्हणून आगाऊ खरेदी करणारा गृहस्थ भाव चढेल की उतरेल याविषयी पैज लावीत नव्हता. वाळलेला माल वाळलेला असतानाच घ्यावा, इतकेच साधे शहाणपण तो पाळीत होता. भाव उतरला तरी त्याचे फारसे बिघडत नसे, कारण भाव उतरलेले ओले लाकूडही त्याच्या अंगणातील कोरड्या लाकडापेक्षा महागच पडे.

ज्वारीचे गणितही याच धर्तीचे, परंतु अधिक गंभीर. सोलापूरचे मुख्य पीक रब्बीचे. भाद्रपद-आश्विनातील पावसाच्या ओलीवर पेरलेली ज्वारी माघ-फाल्गुनात खळ्यावर येते, आणि त्या वेळी बाजारात धान्याची रास पडल्याने भाव वर्षातील सर्वांत खालच्या पायरीवर असतो. पुढे आषाढ-श्रावणात साठे आटतात आणि नव्या पावसाचा अंदाज लागेनासा होतो, तेव्हा तोच भाव चढू लागतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील ज्वारीची कीर्ती फार जुनी. आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी तर पुढे सबंध दख्खनच्या रब्बी रानांत पसरली. ही ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत आड खणावा तसा खोल खड्डा करून, त्यास आतून कडब्याचे अस्तर देऊन, धान्य भरल्यावर तोंड दगडमातीने बंद केले, म्हणजे ते वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरू नये, हा नियम लहान पोरांनाही ठाऊक असे, कारण तो न पाळल्याने माणसे गुदमरून दगावलेली असत.

पेव म्हणजे काळावर मात करण्याचे साधन. परंतु ते कोणाचे, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा डोके वर काढतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? बिदरच्या बादशहाचे धान्य भरलेले कोठार त्यांनी दुष्काळात भुकेल्या रयतेस लुटू दिले, आणि विठ्ठलाने महाराच्या रूपाने दरबारात जाऊन त्याची भरपाई केली, अशी ती कथा. तिच्यातील चमत्काराविषयी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. परंतु लोकमानसाने या जिल्ह्यातून जो संत निवडला तो कोठाराची किल्ली हाती असलेला एक अंमलदार होता, आणि त्याचे संतत्व त्याने कुलूप उघडण्यात पाहिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पेशवाईत पुण्यासारख्या शहरात बाजाराचे निरख ठरविणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक असे. म्हणजे भावास काही बांध घालावा, सर्वस्वी मोकाट सोडू नये, ही जाणीव राज्यकर्त्यांनाही होती; ती किती पाळली जाई हा भाग वेगळा.

इ. स. १८६०मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली आणि या जुन्या व्यवस्थेची पाळेमुळे हलली. तोपर्यंत धान्य लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर फिरे. त्यामुळे एका तालुक्यात स्वस्ताई आणि शंभर कोसांवर उपासमार, अशी स्थिती असली तरी चैत्रातील भाव हा आपल्याच शिवारातील पिकाचा भाव असे, आणि तो जाणत्या माणसाला आकाशाकडे पाहून अजमावता येई. आगगाडी व तारायंत्र आल्यानंतर बार्शीच्या आडत्यास मुंबईचा भाव त्याच दिवशी कळू लागला, आणि मुंबईचा भाव लिव्हरपूलच्या भावावर नाचू लागला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडील कापूस अडकला, आणि बार्शीच्या बाजारात कपाशीस कोणी कल्पिला नव्हता असा भाव आला. पुढील भावाचे वायदे सर्रास होऊ लागले. १८६५च्या वसंतात ते युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील बड्याबड्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. घरच्या चुलीसाठी भाव ठरवून घेणे आणि न पाहिलेल्या मालाचा भाव पैजेवर ठरविणे यांत जो जमीन-अस्मानाचा भेद आहे, तो महाराष्ट्राने त्या वर्षी भारी किंमत देऊन पाहिला.

शेतकऱ्यालाही आपल्या मालाचा भाव आगाऊ ठरवावा लागे, पण त्याची कथा करुण आहे. सरकारी साऱ्याचा हप्ता रोकडीत भरावयाचा, आणि तो भरण्याची वेळ येई तेव्हा खळ्यावर भाव सर्वांत पडलेला. किंवा त्याआधीच, पीक उभे असताना, सावकाराकडून पैसे घेऊन ते पीक त्याच्या भावाने लिहून द्यावयाचे. या व्यवहारास जलप म्हणत. त्यात भाव ठरे तो देणाऱ्याच्या सोयीने. ज्याने फाल्गुनात ज्वारी विकली त्यालाच श्रावणात तीच ज्वारी सवाई-दिढीच्या बोलीने उसनी घ्यावी लागे, म्हणजे पायलीस सव्वा किंवा दीड पायली परत. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, आणि त्यानंतर १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर सोलापुरासही लागू झाला, तो या दुःखाची सरकार-दरबारी झालेली पहिली मोठी नोंद होय. मध्यंतरी १८७६-७७चा दुष्काळ येऊन गेला होता. त्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. माणसे देशोधडीस लागली, आणि गुरे मेली ती केवळ औताची नव्हे, तर चुलीचीही हानी ठरली, कारण गोवऱ्या देणारा गोठाच रिकामा झाला.

त्याच सुमारास, १८७८च्या जंगल कायद्यानंतर, रानांवर व बाभूळबनांवर सरकारी हुकमत आवळली गेली. गायराने जंगलखात्याने गिळली, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये किती संतापाने मांडली आहे ते वाचकांनी मुळातूनच वाचावे. पुढे डॉ. व्होल्कर नावाच्या इंग्रज कृषिरसायनज्ञाने हिंदुस्थानभर फिरून १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्याने हेच प्रतिपादन केले, की रयत शेण जाळते ते अज्ञानाने नव्हे, तर तिला लाकूड मिळत नाही म्हणून; सरकारने गावोगाव जळणाची व चाऱ्याची राखीव राने उभारली, तर शेण खत होऊन जमिनीस मिळेल. ही सूचना मनापासून अमलात आली असती, तर सोलापूरच्या माळांचे रूप आज वेगळे दिसले असते.

१८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी गजबजलेले हे शहर एक मोठे कामगारनगर बनले. गिरणीचा मालक कापूस आणि बाष्पकासाठी लागणारा कोळसा आगाऊ करारांनी बांधून घेई. परंतु त्याच गिरणीत साचे चालविणारा कामगार वर्षाची ज्वारी चैत्रात भरू शकत नसे. त्याच्या हाती महिन्याचा पगार येई, त्यातील अर्धा वाण्याच्या जुन्या उधारीत जाई, आणि उरलेल्यातून तो आठवड्याच्या बाजारात त्या आठवड्याच्या भावाने घेई. सर्वांत कमी मिळवणाराच सर्वांत चढ्या भावाने खरेदी करतो, हे या व्यवस्थेचे निर्दय वैशिष्ट्य होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास महागाई असह्य झाली, तेव्हा सोलापूरच्या गिरण्यांनी कामगारांस सवलतीच्या ठरावीक दराने धान्य देण्याची प्रथा पाडली. तिच्यामागे संपाचे भय होते की कणव होती, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दोन्ही होते. पण त्यामुळे पेठेतील श्रीमंताला पेव जे देई ते, म्हणजे श्रावणातही चैत्राचा भाव, कामगाराच्या घराला काही अंशी लाभले, आणि ही गोष्ट या शहराच्या इतिहासात आदराने नोंदविण्याजोगी आहे.

भाव बांधून घेणारा नेहमीच जिंकतो असे मात्र नाही. १९२९नंतर जगभर मंदी आली, धान्याचे व कापसाचे भाव एकदोन वर्षांतच घसरले, आणि ज्यांनी चढ्या भावाने कोठारे भरली होती त्यांस आपली रास दिवसेंदिवस हलकी होताना पाहावी लागली. घरगुती बेगमी करणाऱ्यास त्याची फारशी झळ लागली नाही, कारण त्याने घेतलेले धान्य तो खाणार होता. झळ लागली ती विकण्यासाठी भरणाऱ्यास. दुसऱ्या महायुद्धात धान्य व घासलेट यांवर नियंत्रणे आली, शिधापत्रिकेने भाव ठरविला, आणि बेगमीवरच बंदी आल्यासारखी झाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली वायदेबाजाराचे नियमन करणारा कायदा संमत झाला. १९७२च्या दुष्काळात तर सोलापूरच्या खडी फोडणाऱ्या रांगांना परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढावे लागले. ज्वारीच्या कोठारात ज्वारी नव्हती.

आज चुलीची जागा बहुतेक घरांत गॅसच्या शेगडीने घेतली आहे. टाकीचा दर कंपनी ठरविते, तो आखाती देशांतील घडामोडींवर हलतो, आणि गृहिणीने चैत्रात कितीही शहाणपण दाखविले तरी श्रावणातील टाकी तिला चैत्राच्या दराने बांधून मिळत नाही. जळणाची बेगमी अशी संपली. ज्वारीची मात्र संपलेली नाही. आजही फाल्गुन-चैत्रात मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या भागांतून ज्वारीची पोती शहरात येतात, आणि ज्यांच्या हाती एकरकमी पैसे आहेत ती कुटुंबे वर्षाचे धान्य उन्हे देऊन, कडुलिंबाचा पाला घालून भरून ठेवतात. विडी वळणारी किंवा यंत्रमागावर राबणारी कुटुंबे मात्र पूर्वीप्रमाणेच किलोकिलोने आणतात. सोलापुरात सहकारी पतसंस्था आणि पतपेढ्या यांची वाण नाही. सोन्यावर आणि वाहनांवर त्या कर्ज देतात, तसे दर फाल्गुनात कष्टकरी सभासदांना वर्षाच्या ज्वारीपुरते अल्प व्याजाचे कर्ज द्यावे आणि ते बारा हप्त्यांत फेडून घ्यावे, अशी माझी त्यांच्या संचालकांना कळकळीची विनंती आहे.