अंशाअंशाने रुंदावलेलं दृश्य

एमआयटीची मीडिया लॅब १९८५मध्ये सुरू झाली, तेव्हा स्टीफन बेंटन तिथे दाखल झाले. इंद्रधनुषी होलोग्राम त्यांनी १९६८मध्येच शोधला होता. क्रेडिट कार्डावर चमकणारं चित्र त्याचाच वंशज. आता त्यांना होलोग्राम हलता करायचा होता. १९८९च्या सुमारास पहिलं होलो-व्हिडिओ यंत्र तयार झालं. चित्र इंचभर लांबी-रुंदी-खोलीचं, आणि दिसायचं जेमतेम १५ अंशांच्या पट्ट्यात. मान जरा कलली की संपलं.

अडचण प्रकाशाच्या स्वभावातच होती. तो जितका जास्त वळवायचा, तितक्या बारीक रेषा होलोग्राममध्ये उमटवाव्या लागतात. लाल प्रकाश ३० अंश वळवायचा, तर दोन रेषांतलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडंच जास्त हवं. एवढ्या बारकाव्याची माहिती त्या काळच्या संगणकाला पेलणारी नव्हती. मग बेंटन यांनी वर-खाली डोकावण्याची सोयच सोडून दिली. आपले डोळे शेजारी-शेजारी असतात, खोली कळते ती आडव्या फरकातून. तरीही दुसऱ्या पिढीच्या यंत्राला अवघ्या १४४ ओळींच्या एका चित्रासाठी ३६ मेगाबाइट लागत. कोन मात्र सुमारे ३० अंशांवर गेला. काय सोडायचं हे इतकं नेमकं ओळखणं, हे मला या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

बेंटन २००३मध्ये गेले. होलोग्रामचं काम मायकेल बोव्ह यांच्या गटाने पुढे नेलं.

होलोग्रामविना खोली दाखवायची दुसरी वाट काढली ती २००८मध्ये लॅबमध्ये आलेल्या रमेश रासकरांच्या गटाने. रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले. त्यांनी साधा एलसीडीच हाती घेतला. त्यापुढे फटींचा पडदा लावून दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवायची युक्ती जुनीच, पण तो पडदा बराच प्रकाश अडवतो. २०१०च्या ‘एचआर-थ्रीडी’त फटी चित्रानुसार बदलू लागल्या आणि प्रकाश वाचला. २०१२मध्ये गॉर्डन वेट्झस्टाइन, डग्लस लॅनमन, मॅथ्यू हिर्श आणि रासकर यांनी ‘टेन्सर डिस्प्ले’ मांडला. त्यात एलसीडीचे थर एकामागे एक असतात, मागून दिशा बदलणारा प्रकाश येतो, चित्रं झपाट्याने पालटतात आणि डोळा ती एकत्र करून घेतो. कोणत्या क्षणी कोणत्या थराने काय दाखवायचं, हे गणित ठरवतं. आडवा कोन सुमारे ५० अंशांपर्यंत पोहोचला, तोही चष्म्याविना.

‘टेन्सर डिस्प्ले’चा शोधनिबंध मोफत वाचायला मिळतो. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. त्यातलं गणित अवघड आहे, पण पदवीच्या रेषीय बीजगणितावर उभं आहे.