वृत्तपत्रांचे स्वयंनियमन, ब्रिटनमधील

वृत्तपत्रव्यवसायाने स्वतःसाठी ठरविलेल्या आचारसंहितेचे पालन होते की नाही हे पाहणारी यंत्रणा व तिच्यावरील शासकीय देखरेख. मुद्रणपरवान्याची पद्धत १६९५ मध्ये संपुष्टात आल्यापासून वृत्तपत्रांवर शासनाचा अंकुश ही कल्पना ब्रिटनमध्ये अप्रिय राहिली आहे. तथापि वृत्तपत्रांनी आपणहून स्वतःस आवर घातल्याची उदाहरणे विरळाच. बहुधा कायद्याची धास्तीच त्यामागे होती.

पहिल्या राजआयोगाने (१९४७–४९) वृत्तपत्र परिषदेची शिफारस केली. मालक-संपादकांनी चार वर्षे चालढकल केली आणि संसदेत विधेयक आल्यावर १९५३ मध्ये ती स्थापिली. तीत व्यवसायाबाहेरचे सदस्य नव्हते. दुसऱ्या आयोगाच्या (१९६१–६२) टीकेनंतर ते घेण्यात आले. दंड करण्याचा अधिकार मात्र परिषदेस नव्हता. कॅल्कट समितीच्या अहवालानंतर (१९९०) तिची जागा वृत्तपत्र तक्रार आयोगाने घेतली. दोन वर्षांतच कॅल्कट यांनी हा आयोग निष्प्रभ ठरवून वैधानिक न्यायाधिकरण सुचविले. शासनाने ते मानले नाही.

न्यूज ऑफ द वर्ल्ड च्या बातमीदारांनी खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या दूरध्वनीवरील निरोप चोरून ऐकल्याचे जुलै २०११ मध्ये उघड झाले व १६८ वर्षांचे ते पत्र बंद पडले. दोनच वर्षांपूर्वी तक्रार आयोगास अशा प्रकारांचा नवा पुरावा आढळला नव्हता, ही गोष्ट बोलकी आहे. लेव्हसन चौकशीने (२०११–१२) स्वयंनियमन राखून त्यावर मान्यता देणारी स्वतंत्र संस्था सुचविली. ती कायद्याऐवजी राजसनदेने निर्माण झाली (२०१३). सनदेतील बदलास संसदेच्या दोन्ही सभागृहांचे दोनतृतीयांश मताधिक्य आवश्यक ठरले. ही सावधगिरी अनाठायी नव्हती : भारतात न्या. राजाध्यक्ष आयोगाच्या (१९५२–५४) शिफारशीनुसार कायद्याने अस्तित्वात आलेली वृत्तपत्र परिषद आणीबाणीत शासनाने बरखास्त केली व ती पुन्हा उभारण्यास १९७८ चा नवा कायदा करावा लागला.

सनदेखालील मान्यता २०१६ मध्ये ‘इम्प्रेस’ या छोट्या संस्थेने मिळविली. बहुतेक मोठी पत्रे ‘इप्सो’ या आपल्याच संस्थेत राहिली व तिने मान्यतेसाठी अर्जच केला नाही. अमान्य संस्थेतील पत्रावर, खटला जिंकूनही, प्रतिपक्षाचा खर्च लादू शकणारे २०१३ च्या कायद्यातील ४० वे कलम कधीच अंमलात आले नाही. २०२४ मध्ये ते रद्द झाले.