एका फुटबॉलपटूची कारकीर्द इतिहास म्हणून कशी वाचायची?

सिनॉप्सिस लिहिताना बऱ्याच जणांना वाटतं की एखाद्या व्यक्तीवर काम करणं सोपं असतं. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, शेवट असं क्रमाने लिहिलं की झालं! पण ती झाली जंत्री. जंत्रीचा इतिहास कधी होतो, ते आज एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण आहे मॉरिटानियाचा आघाडीपटू अबूबकर कामारा. (मॉरिशस नव्हे बरं का! मॉरिटानिया पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या काठावर आहे. 1960 मध्ये तो फ्रान्सपासून स्वतंत्र झाला.)

आधी जंत्री पाहू. 1995 मध्ये पॅरिसच्या उत्तरेला गोनेस इथे जन्म. मोनॅकोच्या राखीव संघातून सुरुवात, मग बेल्जियममध्ये कोर्ट्राइक. 2016 मध्ये फ्रान्सच्या आमियाँ क्लबकडे. त्याच हंगामात आमियाँला पहिल्यांदाच फ्रान्सच्या अव्वल लीगमध्ये बढती मिळाली. 2017 मध्ये इंग्लंडचा फुलहम, 2018 मध्ये फुलहमसोबत प्रीमियर लीगमध्ये प्रवेश. मधे काही महिने उसनवारीवर तुर्कस्तान आणि दिजाँ, नंतर ग्रीसमध्ये आरिस आणि ऑलिम्पियाकोस. सगळं बरोबर आहे, पण यात प्रश्न कुठे आहे?

पहिला प्रश्न लेबलचा. आज कुठल्याही तक्त्यात त्याच्या नावापुढे 'मॉरिटानिया' दिसतं. पण तो मॉरिटानियाकडून खेळू लागला 2021 मध्ये. म्हणजे 2018 च्या फुलहमच्या सामन्याबद्दल लिहिताना 'मॉरिटानियाचा खेळाडू' म्हटलं, तर आपण नंतरची ओळख आधीच्या काळावर चिकटवतो. इतिहासात याला कालविपर्यास म्हणतात. प्रत्येक लेबलला तारीख असते. तुमच्या विषयातली 'समाजसुधारक', 'बंडखोर', 'स्थलांतरित' ही लेबलंसुद्धा अशीच तपासा: ती कोणी लावली आणि कधी?

दुसरा प्रश्न, हे शक्य कसं झालं? इथे व्यक्तीकडून व्यवस्थेकडे जावं लागतं. सेनेगल नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे मॉरिटानिया, माली आणि सेनेगलमधून, अनेक पुरुष मजुरीसाठी फ्रान्सला गेले. 1974 मध्ये फ्रान्सने कामगारांचं नवं स्थलांतर थांबवलं. 1976 च्या आदेशाने कुटुंबाला बोलावून घेण्याची वाट मात्र नियमात बसवली. ये-जा करणारे कामगार हळूहळू कुटुंबासह स्थायिक झाले आणि त्यांची मुलं पॅरिसच्या उपनगरांत वाढली. दुसरीकडे फिफाचे नियम आई-वडील किंवा आजी-आजोबांच्या जन्मस्थानावरून खेळाडूला एखाद्या देशाकडून खेळू देतात. कामारा फ्रान्सच्या मुख्य संघातून कधी खेळला नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी हे दार उघडं राहिलं.

इथे एक सावधगिरी. ही पार्श्वभूमी आहे, कामाराच्या घरातली हकिगत नव्हे. 'त्या काळात असं घडत होतं' आणि 'याच्या बाबतीत असंच घडलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्या विधानाला स्वतंत्र पुरावा लागतो. व्हायवात नेमकं इथेच पकडतात!

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, साधनांचं वजन. दोन तारखा शेजारी ठेवा.

18 नोव्हेंबर 2018, नुआकशोत. मॉरिटानिया विरुद्ध बोट्सवाना. पाहुण्यांनी आधी गोल केला. मग इस्माईल दियाकिते या आघाडीपटूने दोन गोल केले आणि सामना 2-1 असा जिंकून दिला. 2012 च्या अखेरीस फिफाच्या क्रमवारीत 206 व्या जागी असलेला हा संघ पहिल्यांदाच आफ्रिकन नेशन्स कपसाठी पात्र ठरला.

29 डिसेंबर 2018, लंडन. फुलहम विरुद्ध हडर्सफील्ड. पेनल्टी घ्यायची होती मित्रोविचने, पण कामाराने चेंडू सोडला नाही. त्याने ती स्वतः मारली आणि गोलरक्षकाने अडवली. नंतर जादा वेळेत मित्रोविचनेच गोल करून सामना जिंकून दिला, तरी चर्चा रंगली ती पेनल्टीचीच. प्रशिक्षक रानिएरी उघडपणे संतापले.

दोन्ही घटनांत 41 दिवसांचं अंतर. आता इंग्रजीत शोधून पाहा. एका हुकलेल्या पेनल्टीवर पानंच्या पानं मिळतील. एका देशाला पहिल्यांदा स्पर्धेत नेणाऱ्या दोन गोलांवर त्या मानाने चार ओळी. कारण उघड आहे. प्रीमियर लीगच्या प्रत्येक सामन्याला कॅमेरे, पत्रकार आणि जगभरचे प्रेक्षक असतात. साधनं तयार करणारं यंत्र तिथे आहे, म्हणून साधनं तिथे आहेत.

म्हणजे साधनांचा ढीग पाहून घटनेचं महत्त्व ठरवलं, तर आपण त्या यंत्राचाच इतिहास लिहू. नुआकशोतची संध्याकाळ शोधायची तर फ्रेंच आणि अरबी वृत्तपत्रं, रेडिओ, तिथल्या प्रेक्षकांच्या मुलाखती यांकडे जावं लागेल. काम वाढेल, पण विषय तिथेच आहे.

पुढे 2019 मध्ये मॉरिटानिया इजिप्तमधल्या स्पर्धेत खेळला. 23 जानेवारी 2024 रोजी त्याने अल्जीरियाला 1-0 असं हरवून या स्पर्धेतला पहिला विजय मिळवला. कामाराची कारकीर्द या वाटचालीत ठेवून वाचली की तिला अर्थ येतो; एकटी ठेवली तर क्लबांची यादीच उरते.

आता तुमचा टॉपिक घ्या आणि गाईडकडे जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. माझ्या व्यक्तीला हे लेबल कधी लागलं? कुठल्या नियमांमुळे तिचा मार्ग शक्य झाला? आणि माझ्याकडची साधनं कोणी, कोणासाठी तयार केली? तिसऱ्याचं उत्तर देताना अडलात, तर तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक तिथेच आहे.