बिदागी, दौलतजादा आणि तबकातला नारळ

आपल्या मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीस-भगिनींचा निरोप आला. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला असल्यामुळे नाही म्हणण्यास तोंड नव्हते. विषय मात्र सुचेना. तो अखेर माझ्या नातीने सुचविला, आणि तोही एका लहानशा वादातून.

नात गाते. दर रविवारी रात्री मोबाइल स्टँडला लावून ती तासभर जुनी भावगीते आणि लावण्या म्हणते, आणि गावोगावची माणसे आपापल्या घरी बसून ऐकतात. मे महिन्यात ती माझ्याकडे राहावयास आली, तेव्हा हा प्रकार मी प्रथमच शेजारी बसून पाहिला. गाणे संपले की पडद्यावर एक रंगीत पट्टी उमटे. तीत पाठविणाऱ्याचे नाव, रक्कम आणि एखादे वाक्य असे. नात ते हसून वाचून दाखवी, "नागपूरच्या दादांकडून शंभर रुपये. खूप आभार, दादा!" पुन्हा गाणे, पुन्हा पट्टी. मला राहवेना. कार्यक्रम संपताच मी म्हणाले, "अग, हा काय दौलतजादा मांडलास घरात?"

ती रागावली नाही. तिने शांतपणे विचारले, "आजी, दौलतजादा म्हणजे काय ग?"

ज्या शब्दाने आपण दुसऱ्याला टोचले, त्याचाच अर्थ सांगण्याची पाळी आली म्हणजे माणूस अडचणीत येतो. मी सांगू लागले आणि सांगता सांगता माझ्याच ध्यानात आले की, कलावंत आणि पैसे देणारा रसिक ह्यांच्यामध्ये पैशाविषयी जे बोलणे चालते, त्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो मी पुढच्या दोन महिन्यांत जमेल तसा वाचला. त्यांतले थोडे येथे मांडीत आहे.

दौलतजादा हा लावणीच्या बैठकीतला आणि संगीतबारीतला शब्द. बारीत बायकांचा संच गातो, नाचतो. समोरचा रसिक नोट पुढे करतो, फर्माईश सांगतो. नाचणारी पुढे येऊन नोट घेते आणि देणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते. मिळकतीत थिएटरच्या मालकाचा वाटा असतो. ‘दौलत ज्यादा होवो’ ह्या दुव्यापासून हा शब्द आला असे मानतात. म्हणजे मुळात तो घेणारीने देणाऱ्याला दिलेला आशीर्वाद! आपण पांढरपेशांनी त्याची शिवी केली.

ह्याच्या अगदी उलट बाजूस कीर्तन. हरिकथेचे मोल घेऊ नये असा तुकोबांचा कटाक्ष होता, आणि वारकऱ्यांनी तो आदर्श मानला. परंतु गावोगाव फिरणाऱ्या हरदासबुवांनाही पोट असतेच. माझ्या लहानपणी देवळात कीर्तन संपले की आरतीचे तबक फिरे. त्यांत आणे-दोन आणे पडत. बुवा त्या तबकाकडे पाहत नसत. निदान पाहत नाहीत असे आम्हांस वाटे. निघताना पंच त्यांच्या हाती नारळ देत आणि नारळाखाली पाकीट. तीच बिदागी. बिदागी म्हणजे निरोपाच्या वेळी द्यावयाचे ते. ‘विदा’ ह्या शब्दाशी तिचे नाते आहे. ह्या शब्दातच तिची रीत सांगितली आहे. काम आधी, पैसे शेवटी, आणि किती ते देणाऱ्याच्या मर्जीवर. घेणाऱ्याने पाकीट तेथे उघडणेसुद्धा असभ्यपणाचे.

मराठी रंगभूमीचा आरंभही असाच मर्जीवर झाला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि दरबारचा आश्रय सुटला. भावे संच घेऊन बाहेर पडले, आणि १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. गरजेपोटी घडलेल्या ह्या गोष्टीने फार मोठा पालट झाला. पूर्वी देणारा एक होता आणि तो ओळखीचा होता. आता देणारे शेकडो, आणि सारे अनोळखी. कुणी किती द्यावयाचे ते आधीच ठरलेले आणि फलकावर लिहिलेले. पैशाचे बोलणे तिकिटाच्या खिडकीवर संपे. रंगमंचावरून कुणाचे आभार मानावयाचे उरत नसे. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचा तो प्रसिद्ध काळ सुरू झाला. नाटकवाल्यांनी पैशासाठी आपले शब्दही घडविले. एका प्रयोगाच्या मोबदल्याला नट ‘नाईट’ म्हणतात. तमाशाचा फड गावाची ‘सुपारी’ घेतो. चैत्र-वैशाखाच्या जत्रांपूर्वी नारायणगावास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवितात. फडातली माणसे हंगामापूर्वी मालकाकडून ‘उचल’ घेतात. हे सारे शब्द रोखठोक आहेत. त्यांत गोडवा नाही, परंतु व्यवहार आधी ठरतो.

भगिनींनो, ह्या खिडकीचे महत्त्व पुरुष कलावंतापेक्षा स्त्री कलावतीला अधिक होते. गाणारी बाई खाजगी बैठकीत गाई, तेव्हा तिला मिळणारा पैसा यजमानाच्या हातून तिच्या हातात येई. देणाऱ्याने तो कशासाठी दिला, गाण्यासाठी की आणखी कशासाठी, हा प्रश्न समाज तिला विचारी. देणाऱ्याला कधीच विचारीत नसे. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, तेव्हा हा प्रश्नच निकालात निघाला. तिकीट घेणाऱ्याने गाण्याचे पैसे दिले आणि गाणे ऐकले. त्यापलीकडे त्याचा हक्क काही उरला नाही. तिकीट लावून जाहीर गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाईंची गणना होते ती म्हणूनच महत्त्वाची. केसरबाई केरकर बिदागीच्या बाबतीत कुणाची भीड ठेवीत नसत. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. त्यांच्याइतक्याच कडकपणे बोलणाऱ्या उस्तादाला लोक काय म्हणत असतील? बहुधा ‘मानी’ म्हणत असतील.

सर्वांनाच हे साधले नाही. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या थोर गायिकेला बाहेरगावी गाण्यास जाताना कशी वागणूक मिळे, प्रवास कसा, उतरण्याची सोय कशी, हातावर काय पडे, हे त्यांच्या कन्येने लहानपणी पाहिले होते. किशोरी आमोणकरांनी मुलाखतींतून ते अनेकदा सांगितले. स्वतः त्या पुढे आयोजकांशी ताठ वागत, त्याचे मूळ तेथे होते.

आणि विठाबाई नारायणगावकर! बाळंतपणाची घटका येऊन ठेपली असतानाही ज्यांना फडावर उभे राहावे लागले, ज्यांचा राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला, त्या २००२ साली गेल्या तेव्हा इस्पितळाच्या खर्चासाठी लोकांच्या मदतीकडे पाहावे लागले होते. आज सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. ज्या गावांनी त्यांच्यावर नोटा उधळल्या, त्यांपैकी म्हातारपणी कोण आले? उधळलेल्या पैशाला हिशेब नसतो. म्हणूनच त्याला उद्याची जबाबदारीही नसते.

पैशाचा मार्ग कोणता, हाही प्रश्न विसरून चालणार नाही. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी शाहीर पट्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. अस्पृश्य समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांना त्यांच्याच उद्धाराच्या कामी नको होता. दौलतजादाचा दुवा मूळचा कितीही गोड असो, हजारो प्रेक्षकांसमोर कोणत्या जातीच्या बाईला नाचावे लागे आणि कोणत्या जातीची बाई घरात बसून नाके मुरडी, हे आपण पुसून टाकू शकत नाही. नातीला मी तो शब्द ज्या सुरात ऐकविला, त्या सुरात हे सारे होते. त्याची मला लाज वाटली.

आता मोबाइलकडे वळते. नातीने जे मला समजावून दिले ते असे. ह्या रंगीत पट्टीला ‘सुपर चॅट’ म्हणतात. २०१७ पासून ही सोय झाली. रक्कम जितकी मोठी, तितका वेळ ती पट्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर वर राहते. शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर गाणारीला आणि तीस कंपनीला. मी मनात म्हटले, हा तर थिएटरमालकाचा वाटा! दुसऱ्या काही ठिकाणी पैसे हा शब्दच नसतो. प्रेक्षक आधी नाणी विकत घेतो, नाण्यांचा गुलाब घेतो आणि तो गुलाब पाठवितो. गाणारी म्हणते, ‘गुलाबाबद्दल आभार.’ पाठविणारा म्हणतो, ‘तुमच्यावरचे प्रेम.’ दोघांनाही ठाऊक असते की ही रोकड आहे. नारळाखालच्या पाकिटाहून हे फारसे निराळे नाही.

१८५३ साली तिकिटाची खिडकी रंगमंचापासून दूर गेली होती. मोबाइलवर ती पुन्हा रंगमंचावर येऊन बसली आहे. रसिक पुन्हा नावाने दिसतो, पुकारून घेतो, फर्माईश करतो. ह्यात लाभही आहे. २०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहे बंद पडली, जत्रांचा हंगाम बुडाला. तेव्हा अनेक कलावंतांनी मोबाइलवरूनच रसिकांशी संबंध राखला. परंतु धोकाही जुनाच आहे. नातीने मला एक पट्टी दाखविली. एका गृहस्थाने पाचशे रुपये पाठवून विचारले होते, ‘तुम्ही कोणत्या गावी राहता? फोन नंबर द्या.’ ती पट्टी तिने वाचून दाखविलीच नाही. गाण्याच्या आरंभीच ती सांगते, "फर्माईश गाण्याची करा. पैसे दिले नाहीत तरी गाणे तेच ऐकू येईल, आणि कितीही दिलेत तरी गाण्यापलीकडे काही मिळणार नाही." मी म्हणाले, "इतके स्पष्ट बोलतेस? लोक दुखावतील ना?" ती म्हणाली, "आजी, जो दुखावतो त्यालाच ते सांगायचं असतं."

तिच्या ह्या बोलण्याने मला १९७४ सालची गोष्ट आठवली. मंडळाच्या जुन्या वह्यांत ती आहे. इच्छा असल्यास भगिनींनी पाहावी. त्या वर्षी वर्धापनदिनाला आपल्याच आळीतल्या एका गायिकेचे गाणे ठेवले होते. जमाखर्च माझ्याकडे होता. मंडपवाल्याचे रुपये १२०, लाउडस्पीकरचे ४५, तबलजीचे ४०, पेटीवाल्याचे ३०. गायिकेच्या नावापुढे लिहिले आहे, ‘खण, नारळ, सत्कार.’ अक्षर माझेच आहे. त्या घरच्या, त्यांना पैसे कसे द्यावयाचे, असा आम्हां सर्वांचा विचार. दुसऱ्या दिवशी राहिलेले हार मी त्यांच्या घरी पोचवावयास गेले. खोली एकच, भिंतीला तंबोरा. त्या शिकवण्या करून घर चालवीत. त्या हसून म्हणाल्या, "ताई, तबलजीला तुम्ही आधी विचारलंत. मला कुणी विचारलंच नाही." मी काहीतरी पुटपुटले आणि परत आले. त्या पुन्हा आपल्या मंडळात गायल्या नाहीत. आम्ही म्हणत राहिलो, बाईंचा स्वभाव जरा मानी आहे.

आज त्या नाहीत. त्यांना कोणता शब्द हवा होता, बिदागी की मानधन, हे मी विचारले नाही. परंतु इतके वाचल्यावर मला वाटते की, त्यांना शब्दाशी कर्तव्य नसावे. पैशाचे बोलणे कोण काढतो आणि केव्हा, हाच खरा प्रश्न. बिदागीत ते देणाऱ्याच्या हाती आणि शेवटी. दौलतजादात ते सर्वांसमोर, पण तेही देणाऱ्याच्याच तोंडून. सुपारीत, नाईटमध्ये आणि तिकिटात ते आधी. आणि माझ्या नातीच्या खोलीत ते गाणारी स्वतः बोलते. सन्मानाने देण्याच्या नावाखाली आम्ही सुशिक्षित स्त्रियांनी एका स्त्रीला विचारलेसुद्धा नाही. संगीतबारीत निदान रक्कम सांगितली तरी जाते.

यंदाच्या महोत्सवात एक तरुण गायिका आपल्याकडे गाणार आहेत. समितीच्या संमतीने मीच त्यांना फोन केला आणि तारखेच्या आधी विचारले, "आपले मानधन किती, ते सांगावे." पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी आकडा सांगितला, आणि पाठोपाठ घाईने म्हणाल्या, "महिला मंडळ आहे, कमी केलं तरी चालेल." मी कमी केले नाही. वहीत मंडपाच्या वर, पहिल्या ओळीत, तो आकडा लिहून ठेवला आहे. खण-नारळाची तयारी नेहमीप्रमाणे आहेच. तो खर्च सातव्या ओळीत आहे.