कलेच्या अनुदानात वाटा कुणाचा?

सार्वजनिक पैशातून कलेला आश्रय द्यायचा, तर तो कोणत्या आणि कुणाच्या कलेला द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक लोकशाही देशापुढे कधी ना कधी उभा राहतो. राजेरजवाड्यांच्या आश्रयाचा काळ संपल्यावर ही जबाबदारी सरकारवर आणि सरकारने नेमलेल्या मंडळांवर आली. आश्रयदात्या राजाला स्वतःची आवडनिवड असू शकते. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या मंडळाला तशी मुभा नसते. अनेक वंशांचे नागरिक एकत्र राहत असलेल्या ब्रिटनमध्ये या प्रश्नावर गेली सुमारे पन्नास वर्षे अहवाल, आंदोलने आणि वादविवाद सुरू आहेत. कलाधोरणात सांस्कृतिक वैविध्य आणि वांशिक समन्याय आणू पाहणाऱ्या कुणालाही हा इतिहास बोधप्रद ठरावा.

पहिला अहवाल

अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकारातून साकारलेल्या 'आर्ट्‌स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन'ला १९४६ मध्ये राजसनद मिळाली. निधी सरकारने द्यायचा, मात्र त्याच्या वाटपात मंत्र्यांनी हस्तक्षेप करायचा नाही, हे या संस्थेचे मूलतत्त्व होते. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, 'एम्पायर विंडरश' या जहाजातून वेस्ट इंडिजमधील नागरिक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत भारत, पाकिस्तान, कॅरिबियन बेटे आणि आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी ब्रिटिश शहरांचा चेहरामोहरा बदलून टाकला. अनुदानाच्या यादीत मात्र हा बदल फारसा उमटला नाही.

ही त्रुटी पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय नसीम खान यांना जाते. भारतीय वडील आणि जर्मन आई यांच्या पोटी बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या या पत्रकार महिलेचा 'द आर्ट्‌स ब्रिटन इग्नोअर्स' हा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी, सायप्रसवासी, पूर्व युरोपीय, आफ्रिकी आणि वेस्ट इंडियन अशा विविध समाजांच्या कलाव्यवहाराचा त्यात आढावा होता. या समाजांकडे कला नाही असे नव्हे, तर ती आहे आणि तिच्याकडे पाहिले जात नाही, हा त्याचा निष्कर्ष. ही कला ब्रिटनमध्ये आलेली पाहुणी नसून ब्रिटिश संस्कृतीचाच भाग आहे, अशी भूमिका त्यात घेण्यात आली. अहवालापाठोपाठ अल्पसंख्याक कलावंतांना मार्गदर्शन करणारी 'मायनॉरिटीज आर्ट्‌स अ‍ॅडव्हायजरी सर्व्हिस' ही संस्थाही स्थापन झाली.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडनच्या साउथॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या शीख तरुणाची हत्या झाली. या घटनेने अस्वस्थ झालेल्या जतिंदर वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'तारा आर्ट्‌स' ही नाट्यसंस्था उभारली. पुढे १९९० मध्ये वर्मा यांनी 'नॅशनल थिएटर'मध्ये मोलिएरचे 'तार्तुफ' भारतीय शैलीत सादर केले. वांशिक समन्यायाची मागणी केवळ समित्यांच्या खोल्यांत जन्मली नाही. तिला रस्त्यावरच्या हिंसेचीही पार्श्वभूमी होती, हे यावरून ध्यानात येते.

टक्केवारीचे राजकारण

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात 'ग्रेटर लंडन कौन्सिल'ने वांशिक अल्पसंख्याकांच्या कलांसाठी स्वतंत्र उपसमिती नेमून निधी उपलब्ध करून दिला. परंतु १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ही महापालिकाच बरखास्त केली आणि तिच्यावर विसंबून असलेल्या संस्थांचा आधार गेला. त्याच वर्षी आर्ट्‌स कौन्सिलने एकूण खर्चाच्या चार टक्के रक्कम आफ्रिकी-कॅरिबियन आणि आशियाई कलांसाठी राखण्याचे उद्दिष्ट ठरवले. लोकसंख्येतील या समाजांच्या अंदाजे प्रमाणाशी हा आकडा जुळवलेला होता.

आकडा ठरवल्याने जबाबदारी निश्चित होते, हा त्याचा लाभ. पण टक्केवारीची भाषा आली की 'तुमचा वाटा तुम्हाला मिळाला' असे म्हणून उरलेला सारा निधी पूर्वीच्याच वहिवाटीने वाटण्याची सोयही होते. शिवाय 'एथनिक आर्ट्‌स' या नावावरही कलावंतांनी आक्षेप घेतला. गोऱ्या चित्रकाराचे चित्र ते केवळ 'कला' आणि कृष्णवर्णीयाचे ते 'वांशिक कला', हा भेद का, असा त्यांचा सवाल होता.

अकरा वर्षांची प्रतीक्षा

हा सवाल सर्वांत आग्रहाने मांडला तो कराचीत जन्मलेले आणि १९६४ मध्ये लंडनला आलेले कलावंत रशीद अराईन यांनी. आशियाई व आफ्रिकी वंशाच्या आधुनिक कलावंतांचे प्रदर्शन भरवण्याचा त्यांचा १९७८ मधील प्रस्ताव आर्ट्‌स कौन्सिलने स्वीकारला नाही. अखेर नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 'दि अदर स्टोरी' हे प्रदर्शन भरले. त्यात चोवीस कलावंतांचा समावेश होता. मूळचे गोव्यातील सालिगावचे आणि मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप' स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा हे त्यांपैकीच. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, १९५५ मधील प्रदर्शनाने तेथे नावारूपाला आले. तरीही ब्रिटिश कलेच्या अधिकृत इतिहासात त्यांना स्थान शोधावे लागत होते. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी मात्र या प्रदर्शनात सहभागी होण्यास नकार दिला होता. वंशाच्या आधारे एकत्र येण्यातही एक बंदिस्तपणा असतो, या मुद्द्यावर तेव्हाही मतभेद होते.

या कलावंतांना इतिहासात जागा मिळाली नाही, याचे कारण त्यांची कलाच त्या तोडीची नव्हती, अशी टीका काही समीक्षकांनी केली. त्याचे उत्तर काळाने दिले. प्रदर्शनातील ल्युबेना हिमिद यांना २०१७ मध्ये 'टर्नर पारितोषिक' मिळाले, तर सोनिया बॉइस यांच्या कामासाठी २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनच्या दालनाला 'सुवर्णसिंह' प्राप्त झाला. चोवीस जणांत स्त्रिया अवघ्या चार होत्या आणि त्यांपैकी या दोघी, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. जमैकात जन्मलेले शिल्पकार रोनाल्ड मूडी यांचे मात्र १९८४ मध्येच निधन झाले होते. प्रस्ताव १९७८ मध्ये मान्य झाला असता, तर कदाचित त्यांना आपली शिल्पे तेथे मांडलेली पाहता आली असती. धोरणातील दिरंगाईची किंमत अशी माणसांच्या आयुष्यात मोजावी लागते.

कायद्याचा आधार

कृष्णवर्णीय तरुण स्टीफन लॉरेन्स याच्या १९९३ मधील खुनाच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने १९९९ मध्ये 'संस्थात्मक वंशवाद' ही संकल्पना चर्चेच्या केंद्रस्थानी आणली. एखाद्या व्यक्तीच्या मनात द्वेष नसतानाही संस्थेच्या रूढ कार्यपद्धतीतून अन्याय घडू शकतो, हा तिचा आशय. त्यानंतर २००० च्या सुधारित वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक संस्थांवर समानतेला चालना देण्याचे कर्तव्य सोपवले. २०१० च्या समानता कायद्याने ते अधिक व्यापक केले. नाट्यक्षेत्रातील वंशवादावर नॉटिंगहॅम येथे २००१ मध्ये झालेल्या परिषदेतून 'एक्लिप्स' अहवाल आला. त्यात एकवीस शिफारशी होत्या आणि त्यांचा रोख केवळ रंगमंचावरील चेहऱ्यांवर नव्हे, तर संचालक मंडळे, नेमणुका आणि प्रशिक्षण यांवरही होता.

आर्ट्‌स कौन्सिल इंग्लंडने २०११ मध्ये वैविध्य हे ओझे नसून कलेच्या समृद्धीचे साधन आहे, अशी भूमिका 'क्रिएटिव्ह केस' या धोरणातून मांडली. पुढे अनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांची वंशनिहाय माहिती प्रसिद्ध करण्यास तिने सुरुवात केली. २०२० ते २०३० या दशकाच्या आराखड्यात सर्वसमावेशकता हे गुंतवणुकीचे एक तत्त्व म्हणून नमूद आहे.

गुणवत्ता कोण ठरवणार?

वैविध्याच्या आग्रहाने गुणवत्तेशी तडजोड होईल, हा आक्षेप आजही घेतला जातो. तो सरसकट झटकून टाकता येत नाही. पण गुणवत्तेचा निकष आकाशातून पडत नाही. निवड समितीत बसलेली माणसे तो ठरवतात. ती सारी एकाच वर्गातून, एकाच परंपरेतून आलेली असतील, तर अपरिचित कलेचे मोल त्यांना जोखता येईलच याची शाश्वती नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये १८ टक्क्यांहून अधिक आणि लंडनमध्ये ४६ टक्के लोक श्वेतेतर आहेत. कलेसाठीचा कर हे नागरिकही भरतात. म्हणूनच अनुदानात वाटा मागणे ही त्यांची याचना नसून हक्क ठरतो.

ब्रिटनच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. एकदाच दिलेल्या विशेष निधीने प्रश्न सुटत नाही; निधी आटला की संस्थाही आटतात. कोणाला किती मिळाले, याची आकडेवारी नियमितपणे जाहीर झाल्याशिवाय उत्तरदायित्व येत नाही. आणि अनुदान मागणाऱ्यांच्या रांगेत वैविध्य आले, पण देणाऱ्यांच्या टेबलाभोवती आले नाही, तर तो बदल वरवरचाच राहतो. १९७६ च्या अहवालाने ज्या दुर्लक्षावर बोट ठेवले, ते दूर करण्याची सुरुवात या टेबलापासूनच व्हायला हवी.